इलॉन मस्क, एक्स आणि राजकारण: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिमग्याला आलेले चाकरमानी परत गेले, पालखी देवळात गेली, पण वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मस्कवरून पेटलेला वाद काही विझला नाही. एकीकडे 'माणूस रॉकेट परत जमिनीवर उतरवतो, तुम्ही काय उतरवलंत?' असं विचारणारे पुण्या-मुंबईतले भाचे, दुसरीकडे त्याच्या नावाने बोटं मोडणारे निवृत्त मास्तर. वाचनालयातही फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मत माझं आहे आणि ते मी लपवलेलं नाही. कुणाला पटलं नाही तर वाद घालायला वाचनालय संध्याकाळी उघडं असतं.

आमका काय तेचा? तो अमेरिकेत, आपण इथे.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला. विचारणाऱ्याला वाटतं यावर उत्तर नाही, पण आहे.

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने मस्कच्या, उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. दुर्गम भागांची उदाहरणं म्हणून गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव ही नावं घेतली गेली. घाटाच्या पायथ्याच्या आपल्या वाड्यांत रेंज शोधायला कुठल्या दगडावर उभं राहावं लागतं ते तुम्हाला ठाऊक आहेच, त्यामुळे ही गोष्ट उद्या आपल्या दारात येणार हे गृहीत धरा. त्याच्या चार महिने आधी, जुलै २०२५ मध्ये, मस्कच्याच टेस्ला या विजेच्या गाड्यांच्या कंपनीचं भारतातलं पहिलं दालन मुंबईत बीकेसीला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उघडलं. दरड कोसळून गाड्या रखडल्या की रेल्वेची सूचना एक्सवर (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, ते आता मस्कचं) येते, मंत्र्यांची प्रतिक्रिया एक्सवर येते, आणि ती पाहून टीव्हीवर बातमी चालते.

आपल्या भागात एक्स वापरणारे मूठभर. व्हॉट्सअॅप, फेसबुक आणि यूट्यूबपुढे त्याची गणतीच नाही. पण पत्रकार आणि पुढारी तिथे बसलेले असतात, आणि तिथलं भांडण संध्याकाळी आपल्या पडवीतल्या टीव्हीवर येतं. एक्सचा इथला परिणाम असा आडवाटेने होतो.

तो नक्की आहे कोण? थोडक्यात सांगा.

जन्म १९७१, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात. तिथून कॅनडा, मग अमेरिका. पहिली कंपनी १९९९ मध्ये विकली, पुढचा पैसा पेपालमधून आला, २००२ मध्ये स्पेसएक्स ही रॉकेटची कंपनी काढली. टेस्ला त्याने काढली असं सगळे म्हणतात. ती २००३ मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग यांनी सुरू केली होती. मस्क २००४ मध्ये पैसे घेऊन आला आणि २००८ मध्ये प्रमुख झाला.

'सगळं स्वतःच्या हिमतीवर' आणि 'सगळं सरकारी पैशावर' ही दोन्ही वाक्यं ग्रुपवर नेमाने फिरतात. खरं पाहिलं तर २००८ च्या डिसेंबरात स्पेसएक्सला नासाचं १.६ अब्ज डॉलरचं कंत्राट मिळालं नसतं तर पुढचं कठीण होतं. २०१० मध्ये टेस्लाला अमेरिकी ऊर्जा खात्याचं ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं, आणि ते तिने २०१३ मध्येच, मुदतीच्या आधी फेडलं. सरकारने हात दिला आणि त्या हाताचं त्याने सोनं केलं, असं म्हणायला माझी काही हरकत नाही.

ट्विटर घेऊन त्याने केलं काय?

एप्रिल २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरचा सौदा ठरवला. जुलैत तो मोडायला निघाला. ट्विटरने डेलावेअरच्या कोर्टात खेचल्यावर २७ ऑक्टोबरला मुकाट्याने पुरा केला. त्याच दिवशी मुंबई आयआयटीत शिकलेले मुख्याधिकारी पराग अग्रवाल यांना नारळ दिला, आणि आठवडाभरात साडेसात हजारांपैकी सुमारे निम्म्या लोकांनाही. त्यांत आक्षेपार्ह मजकूर तपासणारे, निवडणुकीच्या काळात खोट्या बातम्यांवर नजर ठेवणारे बरेच होते.

मग निळी खूण. आधी ती खूण म्हणजे 'हे खातं खरोखर याच माणसाचं किंवा संस्थेचं आहे' अशी खात्री. मस्कने ती महिना ८ डॉलरला विकायला काढली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कुणीतरी पैसे भरून एलाय लिली या औषध कंपनीच्या नावाने खूण घेतली आणि 'इन्सुलिन आता फुकट' असं लिहून टाकलं. कंपनीला माफी मागत फिरावं लागलं. उद्या तहसीलदारांच्या नावाने असं खातं निघालं आणि 'सातबारा दुरुस्तीची मुदत संपली' असं त्यावर आलं, तर आपल्याकडे काय धावपळ उडेल याचा विचार करा. शिवाय पैसे भरणाऱ्यांची उत्तरं वर आणि न भरणाऱ्यांची खाली, अशी रांग लागली. सार्वजनिक चर्चेत बोलण्याचा क्रम पैशावर ठरू लागला, हा माझ्या मते त्या काळातला सगळ्यात मोठा बदल. डोनाल्ड ट्रम्प यांचं बंद केलेलं खातं परत चालू केलं त्याचा गाजावाजा फार झाला, पण निळ्या खुणेचा परिणाम रोजचा आहे.

त्याच्या बाजूने सांगण्यासारखंही आहे. दिशाभूल करणाऱ्या पोस्टखाली वापरकर्त्यांनीच टीप लिहायची, आणि एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांना ती पटली तरच ती दिसायची, ही 'कम्युनिटी नोट्स'ची पद्धत चांगली आहे. मस्कच्या स्वतःच्या पोस्टखालीही अशा टिपा लागल्या आहेत. पद्धत मात्र त्याची नाही. जानेवारी २०२१ मध्ये जुन्या ट्विटरनेच ती 'बर्डवॉच' नावाने सुरू केली होती. त्याने ती वाढवली, एवढं श्रेय त्याला द्या.

जुलै २०२३ मध्ये नाव बदलून एक्स झालं. मार्च २०२५ मध्ये त्याने एक्स आपल्याच एक्सएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीला विकलं. विकणारा तोच, घेणारा तोच.

मालक आहे तो. त्याच्या दुकानात तो हवं ते करील. त्यात चूक काय?

हा प्रश्न कोकणातला माणूस विचारतो तेव्हा मला खोत आठवतो.

खोत म्हणजे मुळात सरकारसाठी सारा वसूल करणारा. पण वसुली त्याच्या हातात, हिशेब त्याच्या हातात, आणि कुळाला जायला दुसरी जागा नाही. होता होता गावात शब्द त्याचाच चालू लागला. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली संप केला, पोटाला चिमटा घेऊन जमिनी पडीक ठेवल्या. १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. त्या लढ्यात एखादा खोत दयाळू होता, दुष्काळात सूट देत होता, असं सांगणारे असतीलच. पण भांडण स्वभावाचं नव्हतंच. साऱ्या गावाचं बरंवाईट एका माणसाच्या मर्जीवर टांगलेलं असावं का, आणि त्याने नाही म्हटलं तर कुळाने कुणाकडे जायचं, हे भांडण होतं.

मस्कबद्दल मी तोच प्रश्न विचारतो. तो सज्जन आहे की दुर्जन हे मला इथून कळणार नाही, आणि त्याच्या बायकामुलांच्या भानगडींवरून तर मुळीच नाही. त्याला 'नाही' कोण म्हणू शकतं आणि म्हटलं तर काय होतं, हे मात्र बाहेरूनही दिसतं. ट्विटर विकत घेताना त्याने ते शेअर बाजारातून बाहेर काढलं, म्हणजे भागधारकांच्या सभेत जाब विचारणारे गेले. नोकरीची भीती घातल्यामुळे आतून अडवणारे गेले. जाहिरातदार काही काळ गेले, काही परत आले. उरतात न्यायालयं, सरकारं आणि मतदार. त्यांचं काय झालं ते पुढच्या प्रश्नांत येईल.

खोताची उपमा एका ठिकाणी तुटते, तेही सांगतो. कुळाला जमीन सोडता येत नव्हती, तुम्हाला एक्स आज रात्री सोडता येतं. पण ज्या गावात कलेक्टर, पत्रकार आणि आमदार तिघेही खोताच्या ओटीवरच बसतात, तिथून उठून जाणाऱ्याचं म्हणणं ऐकणार कोण?

वर्तमानपत्रांनाही मालक असतात की. त्यांना कुणी काही म्हणत नाही.

म्हणतात, रोज म्हणतात. पण फरक आहे. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. तेव्हापासूनची रीत अशी की छापलंय त्याला जबाबदार माणूस असतो. आजही कुठल्याही दैनिकाच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव असतं. रत्नागिरीत जन्मलेले टिळक १८९७ आणि १९०८ मध्ये तुरुंगात गेले ते 'केसरी'त छापलेल्या मजकुरापायी. ते खटले अन्यायाचे होते, पण लिहिणारा कोण याबद्दल संशय नव्हता.

एक्सवर मजकूर वापरकर्त्याचा, त्यामुळे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खाली कंपनीला संरक्षण. ते असायलाही हवं, नाहीतर प्रत्येक शिवीसाठी कंपनीवर खटला होईल. पण लाखांतली कुठली पोस्ट तुमच्यापुढे येणार हे कंपनीचं गणित ठरवतं. म्हणजे संपादन चालतं आणि संपादक नाही.

तो स्वतःच्या पोस्ट जास्त लोकांना दाखवतो, हे खरं का?

फेब्रुवारी २०२३ मध्ये 'प्लॅटफॉर्मर' या प्रकाशनाने आतल्या लोकांच्या हवाल्याने बातमी दिली. अमेरिकेतल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी अध्यक्ष बायडन यांच्या पोस्टला मस्कच्या पोस्टपेक्षा जास्त वाचक मिळाले, तेव्हा रातोरात अभियंते कामाला लावले गेले आणि त्याच्या पोस्टना हजारपटीचं वजन दिलं गेलं. त्या दिवसांत कित्येकांच्या पडद्यावर मस्कच मस्क होता, हे तर लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

मार्च २०२३ मध्ये त्याने शिफारशींच्या गणिताचा काही भाग सगळ्यांसाठी खुला केला. चांगलं पाऊल, पण अर्धं. पाककृती दिली आणि आज डेगचीत काय टाकलं ते दाखवलं नाही, तर चव कशाने आली हे कुणाला कळणार? त्याच सुमाराला संशोधकांना फुकट मिळणारी माहितीची वाट बंद करून तिला भारी दर लावला. ५ डिसेंबर २०२५ रोजी युरोपीय आयोगाने एक्सला १२ कोटी युरो दंड केला त्याची कारणं तीन: फसवी निळी खूण, जाहिरातींची अपुरी नोंदवही, आणि संशोधकांना माहिती न देणं.

तेव्हा 'गणित त्याने स्वतःकडे झुकवलंय का?' याला माझं उत्तर असं: एकदा झुकवल्याची बातमी भरवशाची आहे, रोज झुकवतात की नाही ते तपासायची सोय ठेवलेली नाही. तराजूला शिक्का मारायला नकार देणाऱ्या दुकानदाराकडून मासळी घेताना आपण जेवढा विश्वास ठेवतो, तेवढाच इथे ठेवावा.

पैशाने त्याने ट्रम्पना निवडून आणलं ना?

मदत केली हे निश्चित. १३ जुलै २०२४ रोजी ट्रम्पवर गोळीबार झाला, त्याच दिवशी मस्कने पाठिंबा जाहीर केला आणि त्या निवडणुकीत २५ कोटी डॉलरच्या वर खर्च केला. मतदारांपैकी एकाला रोज १० लाख डॉलर देण्याची योजनाही काढली. आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे (ती किती पाळली जाते हे आदल्या रात्री पाकिटं वाटली गेलेल्या कुठल्याही वाडीला विचारा). अमेरिकेत उमेदवारापासून वेगळ्या राहणाऱ्या गटांना २०१० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अशी मर्यादाच नाही.

पण 'निवडून आणलं' म्हणताना जरा थांबा. एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेची निवडणूक होती. मस्क आणि त्याच्या गटांनी २ कोटी डॉलरहून जास्त ओतले, तो स्वतः चीजच्या तुकड्याच्या आकाराची टोपी घालून सभेला गेला, १०-१० लाख डॉलरचे दोन धनादेश वाटले. त्याचा उमेदवार सुमारे दहा टक्क्यांनी आपटला. विरोधकांनी प्रचारच मस्कच्या नावाने केला होता. पाकीट घेऊन मत दुसऱ्याला टाकण्याची कला फक्त आपल्याचकडे आहे असं समजू नका.

जर्मनीचंही तसंच. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एएफडी या उजव्या पक्षाची उघड तळी उचलली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या पक्षाला २०.८ टक्के मतं मिळाली, दुसरा क्रमांक. लगेच 'मस्कने केलं' अशी ओरड. पण तो पक्ष आधीच्या चाचण्यांतही दुसराच होता. मस्कमुळे किती मतं वाढली हे छातीठोकपणे सांगणारा माणूस दोन्हीकडचा असो, त्याला पुरावा विचारा.

'डोज' काय प्रकार होता?

सरकारी उधळपट्टी कापण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी काढलेला विभाग. मस्क कुठूनही निवडून आलेला नव्हता, संसदेने त्याला नेमलेलं नव्हतं, तरी खात्यांच्या संगणकांपर्यंत त्याची माणसं पोचली. वचन आधी दोन लाख कोटी डॉलर वाचवण्याचं, मग एक लाख कोटी, आणि एप्रिलमध्ये १५० अब्ज. परदेशी मदत देणारी यूएसएआयडी ही संस्था लाकूड चिरणाऱ्या यंत्रात घातली, असं त्याने स्वतःच फुशारकीने लिहिलं. १ जुलै २०२५ पासून ती संस्था अधिकृतरीत्या थांबली. ज्या देशांत तिच्या पैशावर औषधं चालत होती तिथल्या रुग्णांना मस्क कोण हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याचा कुठला प्रभाव सगळ्यात गंभीर, असं मला विचाराल तर मी हा सांगेन, ट्विटर नव्हे.

आणि याचा आपल्याशी थेट संबंध आला. १६ फेब्रुवारी २०२५ रोजी डोजने एक्सवर यादी टाकली, त्यात 'भारतातल्या मतदानवाढीसाठी २.१ कोटी डॉलर रद्द' अशी एक ओळ. झालं! आपल्याकडे दोन्ही मोठे पक्ष एकमेकांवर तुटून पडले, आपल्या वाडीच्या ग्रुपवरसुद्धा चार दिवस दुसरा विषय नव्हता. नंतर वर्तमानपत्रांच्या तपासात ती रक्कम बांगलादेशसाठी असल्याचं पुढे आलं, आणि अमेरिकी दूतावासाने असा निधी भारतात दिलेलाच नसल्याचं कळवल्याची माहिती परराष्ट्र खात्याने ऑगस्टमध्ये संसदेत दिली. ऑगस्टमधली ती बातमी ग्रुपवर कुणी टाकली? मी शोधली, सापडली नाही.

मे २०२५ च्या अखेरीस मस्क बाहेर पडला, जूनमध्ये ट्रम्पशी जाहीर भांडला. म्हणजे त्याला नाही म्हणणारा एक माणूस होता, फक्त तो आणखी मोठा होता.

पण मतस्वातंत्र्यासाठी तो आपल्या सरकारशी कोर्टात भांडला, हे तरी मान्य कराल?

करतो, तपशिलासह. मजकूर रोखण्याच्या केंद्राच्या आदेशांविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयातली ट्विटरची पहिली याचिका जुलै २०२२ ची, म्हणजे मस्क मालक होण्याआधीची. ३० जून २०२३ ला ती फेटाळली गेली, वर ५० लाखांचा दंड. दुसरी मात्र मस्कच्या काळातली, 'सहयोग' पोर्टलविरुद्धची. या पोर्टलवरून निरनिराळे सरकारी अधिकारी कंपन्यांना मजकूर काढायला सांगू शकतात. २४ सप्टेंबर २०२५ रोजी तीही फेटाळली गेली.

पालघर आपल्याच कोकणपट्टीतलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारला म्हणून एका मुलीला आणि तो आवडल्याची खूण केली म्हणून तिच्या मैत्रिणीला तिथे अटक झाली होती. त्या संतापातून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, अशा पोस्टवरून अटक करू देणारं कलम ६६अ रद्द केलं. त्यामुळे 'कुठल्याही अधिकाऱ्याने सांगितलं की काढा' या पद्धतीवर आक्षेप घेण्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही. मुद्दा मस्कच्या वकिलाने मांडला म्हणून तो खोटा ठरत नाही.

पण हाच बाणा सगळीकडे दिसतो का? मे २०२३ मध्ये तुर्कस्तानात निवडणुकीच्या तोंडावर सरकारने सांगितलेला मजकूर एक्सने रोखला. ब्राझीलमध्ये न्यायाधीश अलेक्झांद्रे दि मोराइस यांच्याशी तो महिनोन्‌महिने भांडला. ३० ऑगस्ट २०२४ ला त्यांनी देशभर एक्स बंद केलं, शेवटी दंड भरून, प्रतिनिधी नेमून ८ ऑक्टोबरला ते परत सुरू झालं. कुठे नमायचं आणि कुठे गुरगुरायचं हे तत्त्वापेक्षा तिथल्या सरकारशी असलेल्या संबंधांवर ठरतं, असं मला दिसतं. तुम्हाला वेगळं दिसत असेल तर सांगा.

स्टारलिंक आलं तर कोकणाचं भलंच होईल. मग टीका कशाला?

भलं होईल, यात शंका नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडे कितीतरी दिवस वीज नव्हती आणि फोन मुके होते. मुंबईतल्या मुलांना आईबाप जिवंत आहेत की नाहीत हे कळेना. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरातही तेच. टॉवर आडवा झाला तरी आभाळातून चालणारं इंटरनेट अशा वेळी लाखमोलाचं आहे.

पण युक्रेनचं उदाहरण समोर ठेवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने हल्ला केल्यावर स्टारलिंकने त्या देशाचा संपर्क टिकवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्रिमियाजवळच्या रशियन नौदलावर हल्ल्यासाठी तिथली सेवा सुरू करायची विनंती आली, ती मस्कने नाकारली. त्याचा निर्णय बरोबर असेलही, युद्ध भडकलं असतं असं त्याचं म्हणणं. पण तो निर्णय एका कंपनीच्या मालकाने घेतला, कुठल्याही संसदेने नव्हे.

म्हणून सेवा घ्या, एकट्या तिच्यावर विसंबू नका. मच्छीमार बांधवांसाठी दुसरी सोय आहेच: ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते जी योजना सुरू झाली, तीत इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर देशभरातल्या एक लाख नौकांवर बसवायचे आहेत. इंटरनेट त्यावर चालत नाही, वादळाचा इशारा आणि 'बुडतोय, या' एवढं चालतं. खोल समुद्रात तेवढंच लागतं.

ग्रोकला विचारलं की खरंखोटं लगेच कळतं, नाही का?

नाही. ग्रोक म्हणजे एक्सवरचं, प्रश्नांना उत्तरं देणारं कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र. हे तेच यंत्र, ज्याने जुलै २०२५ मध्ये हिटलरचे गोडवे गायले. २०२६ च्या सुरुवातीला बायकांच्या फोटोंवरून अश्लील चित्रं बनवून दिल्याबद्दल आपल्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एक्सला नोटीस काढली, इंडोनेशिया आणि मलेशियाने ग्रोक काही काळ बंदच केलं. आपल्या मुलीबाळींच्या फोटोचं असं काही झालं तर ग्रुपवर चर्चा करत बसू नका. पडद्याचा फोटो काढून ठेवा, पोलीस ठाण्यात आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

एक्सवर जे गाजतं तेच लोकमत असतं का?

एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, आठवतं? त्या आठवड्यात बारसू राजापूर तालुक्यात आहे की लांजा, हे माहीत नसलेले लोकही तिथल्या बायकांना विकासाचे धडे देत होते, आणि तसलेच दुसरे त्यांच्या वतीने क्रांती करत होते. सड्यावर उन्हात झोपलेल्या माणसांना यातलं काही दिसत नव्हतं, कारण तिथे रेंज नव्हती. यापुढे सांगण्यासारखं काही उरत नाही.

भाचा मस्कचा भक्त आहे. त्याच्याशी बोलायचं कसं?

रॉकेटवरून भांडू नका, तिथे तो बरोबर आहे. डिसेंबर २०१५ मध्ये उपग्रह सोडून परतलेला फाल्कनचा टप्पा उभाच्या उभा जमिनीवर उतरला, तो क्षण कुठल्याही इंजिनिअरला भारावून टाकणारच. ते मोकळेपणाने मान्य करा आणि मग विचारा: चांगलं रॉकेट बनवणाऱ्याला औषधांचा निधी बंद करायचा अधिकार कशावरून? दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत म्हणून एकीचे गुण दुसरीला देता येत नाहीत. मास्तरांनाही हेच उलट्या बाजूने सांगतो: त्याचं राजकारण नावडतं म्हणून त्याची गाडी भंगार ठरत नाही. (२०२५ मध्ये ती आली तेव्हाच्या ५९.८९ लाखांना इथे कुणी घेणार नाही, हा भाग वेगळा.)

मग एक्स सोडावं का?

माझं खातं आहे, वाचण्यापुरतं. रेल्वे आणि हवामानाच्या सूचना घेतो, भांडणं वाचत नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांचे फोटो टाकून तेका टॅग केल्यार रस्तो होतलो काय?

होणार नाही. चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि त्याला मस्क जबाबदार नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. फोटो टाका, टाकू नका असं नाही. पण त्याबरोबर तारीख, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि जवळच्या गावाचं नाव लिहा, तेच कागदावर उतरवून राष्ट्रीय महामार्ग विभागाच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. या रस्त्याच्या रखडपट्टीवर मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला जाब विचारला तो जनहित याचिकेवरून, आणि याचिकेला जोडायला पोचपावतीच लागते. अर्जाचा नमुना वाचनालयात कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आहे. झेरॉक्स काढून मूळ प्रत परत ठेवावी.